गोरा कोण? भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचं प्रकरण

पार्श्वभूमी

९ डिसेंबर १९१८ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईस या लष्करी तळावर भगतसिंग थिंड यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. अंगावर अमेरिकी सैन्याचा गणवेश, डोक्याला पगडी. पहिलं महायुद्ध थांबून महिना होत आला होता. चार दिवसांनी, १३ डिसेंबरला, ते नागरिकत्व रद्द झालं. कारण एवढंच, की हा माणूस गोरा नाही.

तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. सैन्यातून त्यांना सन्मानाने निरोप मिळाला तो १६ डिसेंबरला. म्हणजे नागरिकत्व काढून घेतलं त्या दिवशी हा माणूस अजून अमेरिकेचा सैनिकच होता. निरोपाच्या कागदावर वर्तणुकीपुढे 'उत्कृष्ट' असा शेरा आहे.

थिंड मूळचे अमृतसर जिल्ह्यातले. जन्म १८९२ चा, शिक्षण खालसा कॉलेजात. जुलै १९१३ मध्ये ते सिअ‍ॅटल बंदरात उतरले. शिकायचं होतं, आणि शिकण्यापुरते पैसे मिळवायला उन्हाळ्यात ओरेगॉनच्या सॉ मिलमध्ये लाकडं ओढायची. त्या मिलमध्ये पंजाबी मजूर बरेच होते आणि हिंदुस्थानातलं ब्रिटिश राज्य उलथवू पाहणाऱ्या गदर चळवळीची पहिली मोट याच भागात बांधली गेली. थिंड यांनी हिंदुस्थान हिंदुस्थानी लोकांचा असावा हे मत कधी लपवलं नाही. सशस्त्र उठावाचा मात्र आपण पुरस्कार करत नाही, असं त्यांनी न्यायालयात सांगितलं.

त्याच जुलै महिन्यात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर पोहोचले होते. या प्रकरणाशी त्यांचा थेट संबंध नाही. पण एका वळणावर त्यांची आठवण काढावीच लागते.

अडचण

अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १७९० साली नागरिकत्वाचा पहिला कायदा केला आणि बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना नागरिक होता येईल असं ठरवलं. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मधले सगळे, म्हणजे चिनी, जपानी, हिंदुस्थानी, अरब, आर्मेनियन, कुठल्या खणात बसवायचे ते कायद्याने सांगितलं नव्हतं. हीच तरतूद पुढे संकलित कायद्याचं कलम २१६९ म्हणून ओळखली गेली आणि त्यातल्या 'गोरा' या एका शब्दावर न्यायालयांनी पन्नासेक वर्षं डोकं लढवलं.

निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. मुंबईहून गेलेले भिकाजी बालसारा या पारशी गृहस्थांचं नागरिकत्व १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने कायम केलं. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अक्षयकुमार मजुमदार यांना 'उच्चवर्णीय हिंदू' म्हणून नागरिक करून घेतलं. १९१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयाने मात्र एका शीख अर्जदाराला नाकारलं. एकाच देशातून आलेली माणसं. कुठल्या गावच्या कचेरीत अर्ज टाकला त्यावर गोरी ठरत होती किंवा ठरत नव्हती.

भरीस भर म्हणून फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून, त्यात हिंदुस्थानही आला, मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी झाली. आधी आलेल्यांचं काय, हा नवा प्रश्न त्यातून निघाला.

नागरिकत्व नसलं तर काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. कॅलिफोर्नियात १९१३ पासून 'नागरिकत्वास अपात्र परकीय' माणसाला शेतजमीन विकत घेता येत नव्हती. १९२० मध्ये पळवाटा बुजवल्या, खंडाने जमीन कसणंही बंद झालं. कायद्यात जपानी किंवा हिंदुस्थानी असा शब्दच नव्हता. कोण अपात्र, ते कलम २१६९ वरून ठरायचं. त्यामुळे 'गोरा' शब्दाचा अर्थ काय निघतो यावर इंपीरियल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्याचं पीक अवलंबून होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे गप्प बसून परकीय म्हणून राहणं. बहुतेकांनी तेच केलं. थिंड यांनी केलं नाही.

दुसरा सैनिक म्हणून हक्क मागण्याचा. मे १९१८ च्या कायद्याने सैन्यातल्या परकीयांना नागरिकत्व लवकर मिळण्याची सोय केली होती आणि त्यात 'कोणताही परकीय' असे शब्द होते. आज वाचताना वाटतं, हीच वाट धरायला हवी होती. पण हिदेमित्सु टोयोटा या जपानी माणसाने ती धरून पाहिली. अमेरिकेच्या तटरक्षक सेवेत त्याची जवळजवळ दहा वर्षं गेली होती. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'कोणताही परकीय' म्हणजे रंगाच्या अटीत बसणारा कोणताही परकीय. म्हणजे थिंड या वाटेने गेले असते तरी बहुधा तिथेच अडले असते.

तिसरा पर्याय कायद्यावरच बोट ठेवण्याचा. माणसाच्या रंगावरून नागरिकत्व ठरवणं राज्यघटनेत बसतं का? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच विचारला गेला नाही. वकिलांना दोष देण्याआधी तेव्हाची घटना समजून घ्यायला हवी. चौदाव्या दुरुस्तीतलं समान संरक्षण राज्यांना बांधतं. केंद्राच्या कायद्यांना तशीच कसोटी लागते हे सर्वोच्च न्यायालयाने पाचव्या दुरुस्तीतून काढलं ते १९५४ मध्ये. शिवाय कोणाला देशात घ्यायचं हा सर्वस्वी काँग्रेसचा अधिकार, असं चिनी मजुरांच्या प्रकरणांत १८८९ पासून पक्कं झालं होतं. १९२३ मध्ये हा युक्तिवाद करणारा वकील हरलाच असता. पण त्याचे शब्द नोंदीत राहिले असते.

चौथा पर्याय उरला: आम्ही गोरेच आहोत, असं सिद्ध करणं.

काय केलं

थिंड यांनी मे १९१९ मध्ये ओरेगॉनमध्ये पुन्हा अर्ज केला. नागरिकत्व खात्याच्या अधिकाऱ्याने हरकत घेतली, गदरचा विषय काढला. न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हर्टन यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, लष्करी सेवा पाहिली, आधीच्या निकालांचा आधार घेतला आणि नोव्हेंबर १९२० मध्ये नागरिकत्व दिलं. दुसऱ्यांदा. सरकारने ते रद्द करण्यासाठी दावा लावला. तो जिल्हा न्यायालयात टिकला नाही, तेव्हा सरकार अपिलात गेलं. नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, अपील न्यायालयाने स्वतः निकाल न देता दोन प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले.

पहिला प्रश्न असा होता: पंजाबात अमृतसर इथे जन्मलेला, पूर्ण हिंदुस्थानी रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू ही कलम २१६९ च्या अर्थाने गोरी व्यक्ती आहे काय? दुसरा, १९१७ च्या बंदीमुळे आधी आलेले लोकही नागरिकत्वाला मुकतात काय?

पहिला प्रश्न पुन्हा वाचा. थिंड शीख होते. त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण 'हिंदू'च, मग तो शीख असो की मुसलमान. ते एक वेळ सोडून देऊ. पण 'उच्च जातीचा' हे विशेषण प्रश्नात आलं ते अर्जदाराच्या बाजूच्या मांडणीमुळे. ज्या पंथात लंगरच्या पंगतीला शेजारी कोण बसलाय हे विचारायचं नसतं, त्या पंथाचा माणूस सर्वोच्च न्यायालयाच्या दारात जातीचा दाखला घेऊन उभा राहिला.

सुनावणीच्या दोन महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा निकाल लागला. ओझावा वीस वर्षं अमेरिकेत राहिलेले, तिथल्या विद्यापीठात शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे. न्यायालय म्हणालं, गोरा म्हणजे नुसता कातडीचा रंग नव्हे. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तेव्हाच्या वंशशास्त्राने युरोप आणि आसपासच्या लोकांसाठी पाडलेल्या गटातला. जपानी कॉकेशियन नाहीत, म्हणून अपात्र. ओझावांवर दार बंद झालं, पण थिंड यांच्या बाजूला तो निकाल देणगीसारखा वाटला असणार. तेव्हाचे वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत होते. म्हणजे गणित सरळ: गोरा म्हणजे कॉकेशियन, पंजाबी कॉकेशियन, म्हणून पंजाबी गोरा.

एवढ्यावर थांबता आलं असतं. लेखी युक्तिवादात मात्र पुढची पायरी गाठली. आर्य पंजाबात आले, त्यांनी मूळच्या लोकांना जिंकलं आणि जातीच्या बंधनांमुळे त्यांचं रक्त शुद्ध राहिलं, असं मांडलं गेलं. आणि मग ते वाक्य, जे वाचताना आजही मान खाली जाते: लग्नसंबंधाच्या बाबतीत उच्चवर्गीय हिंदू मूळच्या रहिवाशांकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकी माणूस निग्रोकडे पाहतो.

हे वाक्य वकिलाने घसरून लिहिलेलं नाही. त्यामागे हिशोब आहे. समोर बसलेल्या गोऱ्या न्यायाधीशांना सांगायचं होतं की आम्ही तुमच्यासारखेच आहोत, आम्हीही खालच्यांना हात लावू देत नाही. आपल्याला अन्यायाने खाली ढकललं गेलं असताना आणखी कुणाच्या तरी डोक्यावर पाय देऊन वर येण्याचा हा प्रयत्न होता. थिंड यांना ते वाक्य मनापासून पटलं होतं की वकिलांवर सोडलं होतं, ते नोंदींवरून सांगता येत नाही.

निकाल

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. एकमताने. लिहिला न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी, म्हणजे ओझावाचा निकाल लिहिणाऱ्यांनीच. सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मले होते आणि लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले होते.

त्यांनी वंशशास्त्र बाजूला सारलं. कॉकेशियन शब्दाची व्याप्ती शास्त्रज्ञांनी इतकी वाढवली आहे की त्यात कुणीही येतं, तेव्हा तो शब्द उपयोगाचा नाही. 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती' हे रोजच्या बोलीतले शब्द आहेत आणि सामान्य माणसाला जे समजतं तोच त्यांचा अर्थ. सोनेरी केसांचा स्कँडिनेव्हियन आणि तपकिरी हिंदू यांचा पूर्वज कुठल्या तरी धूसर भूतकाळात एक असेलही; पण आज त्यांच्यात ठळक फरक आहे, हे सामान्य माणूस पक्कं ओळखतो. आर्य हा शब्द भाषेचा, वंशाचा नव्हे. आणि जातीच्या शुद्ध रक्ताचा दावा? पंजाबातही रक्ताची सरमिसळ झालेलीच आहे, जातीची बंधनं ती पूर्ण रोखू शकली नाहीत, असं न्यायालय म्हणालं. ज्या मुद्द्यासाठी एवढी किंमत मोजली, तो असा चार ओळींत निकालात निघाला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आल्यावर दुसऱ्याला हात लावायची गरजच उरली नाही.

तीन महिन्यांच्या अंतराने त्याच लेखणीतून दोन मापं निघाली. जपानी माणसाला शास्त्राने मोजलं, पंजाबी माणसाला रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेने. दोन्हीकडे उत्तर एकच आलं. माप बदलूनही उत्तर बदलत नसेल, तर उत्तर आधी ठरलं होतं, असंच मी या दोन निकालांवरून म्हणेन.

आणखी एक जागा थांबण्याजोगी आहे. इंग्रज, फ्रेंच, जर्मन आईबापांची मुलं अमेरिकेत लवकर मिसळून जातात, पण हिंदू आईबापांची इथे जन्मलेली मुलं आपल्या वंशाची खूण कायम बाळगतील, असं निकालात म्हटलं आहे. याच न्यायालयाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क प्रकरणात ठरवलं होतं की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलं मूल, आईबाप चिनी असले तरी, जन्मतः नागरिक असतं. म्हणजे न मिसळणारी ती मुलं नागरिकच होती. त्यांचे बापच तेवढे नव्हते. पुढे कॅलिफोर्नियात काही पंजाबी शेतकऱ्यांनी याच आधारावर मुलांच्या नावे जमिनी केल्या.

निकालानंतर

निकाल एका माणसापुरता होता. पण सरकारने जुनी प्रमाणपत्रं बाहेर काढली. कायद्याविरुद्ध मिळवलेलं नागरिकत्व रद्द करण्याची तरतूद १९०६ पासून होतीच. तिच्या जोरावर आधी रीतसर नागरिक झालेल्या हिंदुस्थानी लोकांवर एकेक करून दावे लागले आणि पन्नासच्या वर लोकांचं नागरिकत्व गेलं. मजुमदार यांचंही गेलं. निकालाने हे करायला सरकारला भाग पाडलं नव्हतं. इथून पुढे अर्ज घेणार नाही, एवढं म्हणूनही थांबता आलं असतं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात निर्दय निर्णय न्यायमूर्तींचा नाही, तो हे दावे लावणाऱ्या सरकारी कचेरीतला आहे.

बायकाही भरडल्या. १९२२ च्या कायद्याने, अपात्र परकीयाशी लग्न केलेल्या अमेरिकी स्त्रीचं नागरिकत्व जात होतं. अमेरिकेत राहणारे हिंदुस्थानी क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी जन्माने अमेरिकी. नवरा अपात्र मानला गेला म्हणून त्यांचं नागरिकत्व हिरावलं गेलं.

सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये बायकामुलांसह आले होते, कायमचं राहायला. नागरिकत्व गेलं तसं दुकान गेलं. हिंदुस्थानात जाऊन येण्यासाठी अमेरिकी पासपोर्ट मागितला तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले, आणि ब्रिटिश प्रजा म्हणवून घ्यायला नको म्हणूनच तर त्यांनी देश सोडला होता. मार्च १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वर्तमानपत्रासाठी ठेवलेल्या पत्रात त्यांनी विचारलं होतं की सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्याला काय अर्थ आहे. इकडे अडथळे, तिकडे नाकेबंदी आणि मागचे पूल जळालेले.

सखाराम गणेश पंडित यांची मात खाण्याची तयारी नव्हती. हे लॉस एंजेलिसचे वकील, १९१४ मध्ये नागरिक झालेले. त्यांच्यावर दावा लागला तेव्हा ते आपण गोरे आहोत हे पटवत बसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं: १९१४ मध्ये न्यायालयाने सगळं तपासून निकाल दिला, सरकारला तेव्हा हरकत घ्यायची संधी होती, त्या निकालावर विसंबून मी वकिली केली, घर केलं, लग्न केलं, आता माझं नागरिकत्व गेलं तर सनद जाईल आणि माझ्या पत्नीचं नागरिकत्वही जाईल. एकदा अंतिम झालेला निकाल पुन्हा उकरता येत नाही. १९२६ मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाने, ज्या न्यायालयाने थिंड यांचे प्रश्न वर पाठवले होते त्यानेच, पंडित यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने सरकारची विनंती ऐकायला घेतली नाही आणि त्यानंतर सरकारने उरलेले दावे सोडून दिले.

वेगळं काय करता आलं असतं

पंडित यांचा मार्ग थिंड यांना मोकळा होता का? फारसा नाही. एकदा हरकत घेऊन हरलं तरी सरकार नंतर रद्द करण्याचा स्वतंत्र दावा लावू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच म्हटलं होतं. शिवाय थिंड यांचं दुसरं प्रमाणपत्र ताजं होतं. त्यावर विसंबून उभं केलेलं आयुष्य दाखवायला पंडित यांच्यासारखी दहा वर्षं नव्हती. आधी पंडित यांच्यासारखं जुनं प्रकरण वर गेलं असतं तर, असा विचार मनात येतो. पण कुठलं प्रकरण आधी वर जाईल हे सरकार ठरवत होतं.

हातात होतं ते लेखी युक्तिवादातलं जातीचं प्रकरण. ते गाळता आलं असतं. आणि इथे आंबेडकर आठवतात. मे १९१६ मध्ये, थिंड ओरेगॉनात असताना, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातींवर निबंध वाचला. हिंदुस्थानचे लोक वंशाने मिश्रच आहेत, त्यांना एक करते ती संस्कृती, आणि जात टिकते ती जातीबाहेर लग्न करू न देण्यातून, अशी त्यांची मांडणी होती. सात वर्षांनी वकील नेमकं उलटं सांगत होते: जात म्हणजे शुद्ध वंशाची हमी. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला जे दिसलं होतं ते या कागदांत कुठेच नाही.

ते गाळलं असतं तर निकाल बदलला असता असं मला वाटत नाही. पण ओझावा, थिंड, टोयोटा या तिघांची प्रकरणं एकाच कलमाखालची, तीन वर्षांच्या आत आलेली. प्रत्येक जण एकटा गेला, त्या भिंतीतून आपल्यापुरती फट शोधत.

पुढे

१९३५ मध्ये काँग्रेसने पहिल्या महायुद्धात लढलेल्या, तोवर अपात्र धरलेल्या आशियाई सैनिकांसाठी खास कायदा केला. सगळ्या हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्व खुलं झालं ते २ जुलै १९४६ ला. तेही वर्षाला शंभर माणसं एवढ्या कोट्याने. रंगाची अट नागरिकत्वाच्या कायद्यातून पूर्ण गेली १९५२ मध्ये. थिंड निकालावर पुन्हा सुनावणी कधी झाली नाही. शब्दच कायद्यातून गेला, म्हणून त्याचा अर्थही गेला.

थिंड अमेरिकेतच राहिले. गावोगावी अध्यात्मावर व्याख्यानं दिली. १९३६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये नव्या कायद्याखाली अर्ज केला, आणि या वेळी पात्रता म्हणून दाखवायचं होतं ते कॅम्प लुईसच्या त्या जुन्या सेवेचं कागदपत्र. तिसरं प्रमाणपत्र मिळालं. ते १९६७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं.